सिरिमिरीतले सहा दिवस

बुधवार : दोनोस्तिया ते सारौत्स

किनाऱ्याने चालायचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कोकण होतं. ओली वाळू, चपला हातात, खाडी आडवी आली की होडी. स्पेनमधल्या बिल्बाओत नोकरी करणाऱ्या भाच्याला मी फोनवर तसं म्हटलंही होतं. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, इथे सपाट फक्त समुद्र आहे."

ते खरंच निघालं. बास्क किनाऱ्यावरची वाट समुद्राला धरून जात नाही, त्याच्या डोक्यावरून जाते. प्रत्येक डोंगर चढायचा, पलीकडे नदीच्या मुखाशी वसलेल्या गावात उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं. स्पेनच्या उत्तर किनाऱ्याने सांतियागोला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाचा हा एक तुकडा. खुणेला पिवळे बाण असतात, कधी खांबावर, कधी गोठ्याच्या भिंतीवर, तर कधी नुसत्या दगडावर. आपल्या वारीची सवय असलेल्याला ही यात्रा मुकी वाटते. दिंडी नाही, टाळ नाही. एकेकटी माणसं पाठीवर बोजा घेऊन पुढे जातात आणि "आउपा!" म्हणतात. 'काय, कसं काय?' याचं हे तिकडचं रूप.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका, वाईची. इतक्या लांब येण्यामागे माझा एक छोटा स्वार्थ होता, पण तो उद्यासाठी.

सकाळी भाचा आणि मी दोनोस्तियातल्या ला कोंचाच्या चंद्रकोरीसारख्या पुळणीवरून निघालो. पुढे ओंदारेताच्या टोकाला चिइदा या शिल्पकाराचे तीन पोलादी पंजे खडकांत रोवलेले आहेत. वारा विंचरणारा कंगवा म्हणतात त्यांना. तिथून मागे फिरून इगेल्दोच्या पायऱ्या चढताना पहिल्या दहा मिनिटांतच मला साठी आठवली. वर आल्यावर मात्र वाट शहाण्यासारखी वागते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कुरणं, मधे नेच्याची दाटी. एका घराबाहेर कुणीतरी यात्रेकरूंसाठी टेबल मांडून पाणी आणि यात्रापुस्तिकेवर उमटवायचा शिक्का ठेवला होता. घरातलं माणूस मात्र दिसलं नाही. आम्ही पाणी प्यायलो, शिक्के मारून घेतले आणि पुढे झालो.

दुपारी पाऊस आला. त्याला पाऊस म्हणायला जीभ रेटत नाही. थेंब दिसत नाहीत, छत्रीवर आवाज होत नाही, पण पंधरा मिनिटांत भुवया ठिबकायला लागतात. "ह्याला सिरिमिरी म्हणतात," भाचा म्हणाला. शब्द ऐकून मी रस्त्यातच थांबले. आपली भुरभुर, झिमझिम, रिमझिम, त्यांच्याच घरातला वाटतो. पुढे दिवसभर मला अशीच नावं सापडत राहिली. इथल्या एउस्कारा भाषेचं आजूबाजूच्या कुठल्याही भाषेशी नातं जुळत नाही. तिच्यात 'बाइ' म्हणजे हो. त्यामुळे दुकानात दोन बायका बोलत असल्या की एकसारखं "बाइ, बाइ" चालू असतं आणि मी उगीच वळून बघते. 'मेंदी' म्हणजे डोंगर. त्या मेंदीवर मेंढ्या चरत असतात, हा विनोद मी तीनदा केला. तिसऱ्या वेळी भाचा हसला नाही.

ओरिओत दगडी उतारावरून उतरलो. हे वल्हेकऱ्यांचं गाव. इथल्या होड्यांच्या शर्यतीतला संघ पिवळ्या रंगाचा, म्हणून बाल्कन्यांतून पिवळी निशाणं लोंबत होती. या किनाऱ्यावरची शेवटची देवमाशाची शिकार १९०१ साली ओरिओच्याच लोकांनी केली. त्याआधी कित्येक शतकं बास्क लोक देवमासे मारत, सोळाव्या शतकात तर त्यांच्यामागे पार कॅनडाच्या लाब्राडोरपर्यंत जात.

ओरिओहून सारौत्सपर्यंत एक टेकडी. एरवी टेकडीच म्हटली असती, पण बावीस किलोमीटरच्या शेवटाला तिला घाट म्हणायचा मला हक्क आहे. सारौत्सची पुळण अडीच किलोमीटर लांब आहे. लाटांवर फळ्या घेऊन उभी राहणारी पोरं अंधार पडला तरी पाण्याबाहेर येत नव्हती. आम्ही गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो.

गुरुवार : सारौत्स, गेतारिया, सुमाइया

आज जेमतेम दहा किलोमीटर. हा दिवस मी मुद्दाम आखूड ठेवला होता, कारण दुपारी सुमाइयाला ओहोटीच्या वेळी पोचायचं होतं.

सारौत्सहून गेतारियाला समुद्राकाठच्या रस्त्यालगत चार किलोमीटरचा सुरेख पदपथ आहे. आम्ही वरची वाट घेतली, सांता बार्बाराच्या देवळावरून, द्राक्षमळ्यांतून. सप्टेंबर सरत आलेला, तोडणी चालू होती. इथली द्राक्षं मांडवावर चढवतात. तासगावकडच्या जुन्या बागा पाहिलेल्यांना चटकन ओळख पटेल, फक्त इथे मांडव चाळीस अंशांच्या उतारावर उभा असल्यासारखा वाटतो आणि खाली एकदम समुद्र. माणसं मांडवाखाली मान वर करून, हातात छोटी कात्री घेऊन घड उतरवत होती. 'ओंदारिबी सुरी' हे त्या द्राक्षाचं नाव, मणी हिरवट आणि बारीक. त्याची आंबट, किंचित फसफसणारी चाकोली नावाची वाइन होते. ती ग्लासात हातभर उंचावरून ओततात, आपल्याकडचा चहावाला ओततो तशी. मी दोन घोट घेतले. भर दुपारी कैरीचं पन्हं मिळावं तसं वाटलं, फक्त हे पन्हं जरा वेळाने गुडघ्यांत उतरतं.

गेतारिया हे चिमुकलं गाव आहे आणि त्याच्या मानाने त्याचा तोरा मोठा आहे. त्याला कारणही आहे. मॅगेलनच्या नावावर जमा झालेली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली ती इथल्या हुआन सेबास्तियान एल्कानोने. १५१९ साली पाच जहाजं निघाली. मॅगेलन वाटेत फिलिपिन्समध्ये मारला गेला. १५२२ मध्ये 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज एल्कानो परत घेऊन आला, त्यावर अठरा माणसं होती. पंचवीस वर्षं मी वर्गात 'मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा केली' असं सांगत आले. एल्कानोच्या पुतळ्यापुढे उभी राहिले तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं.

इथल्या चर्चची फरशी उतरती आहे, नजरेला जाणवेल इतकी. बाकावर बसलं की बोटीत बसल्यासारखं वाटतं. चर्चच्या पोटातून एक बोळ बंदराकडे जातो. बंदराजवळच्या हॉटेलांनी कोळशाच्या शेगड्या रस्त्यावरच मांडलेल्या असतात आणि त्यांवर अख्खे चपटे मासे जाळीच्या पकडीत भाजतात. वास अख्ख्या गावात. मोठा मासा आमच्या बजेटात बसत नव्हता, आम्ही खारवलेल्या अँचोव्हीवर भागवलं. शिंपी बालेन्सियागा हाही इथलाच, जन्म १८९५, आई कपडे शिवायची. त्याच्या संग्रहालयात मी तासभर हरवले. अंगरख्याच्या पाठीला कुठेही चुणी नाही, शिवण शोधावी लागते. माझ्या आईने पाहिलं असतं तर ती कापड उलटं करून बघायला मागे सरली नसती.

दुपारी अस्किसुच्या वाडीवरून, जुन्या दगडी फरसबंदीने सुमाइयात उतरलो. ओहोटी लागलेली. दोनच दिवसांपूर्वी पौर्णिमा झाली होती, त्यामुळे पाणी पार आत गेलं होतं. उधाणाला इथे भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो.

आता तो स्वार्थ सांगते.

इत्सुरुनच्या पुळणीमागचे कडे उभ्या पापुद्र्यांचे आहेत. समुद्रतळाशी आडवे साचलेले थर पुढे जमिनीच्या रेट्याने उभे राहिले. माहितीफलकावर 'पुस्तकाची पानं' असं लिहिलंय. मला ते उभ्या रचलेल्या पापडांच्या चवडीसारखे दिसले, कडेला कुरतडलेल्या. एक थर कठीण चुनखडीचा, एक मऊ चिखलवट मार्लचा, पुन्हा चुनखडी. अशी एक जोडी साचायला साधारण वीस हजार वर्षं लागली. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे हवामान बदलतं आणि ते इथे दगडात उतरलंय. पाच-पाच जोड्यांचे गट डोळ्यांनी मोजता येतात. ते एक लाख वर्षांच्या, पृथ्वीची कक्षा लांबट-गोल होण्याच्या चक्राचे. डायनोसॉर संपल्यानंतरच्या पेलिओसीन युगातल्या दोन कालखंडांच्या सुरुवातीची जागतिक प्रमाणखूण २०१० साली याच कड्यावर बसवली गेली. फळ्यावर खडूने भोवरा काढून हे शिकवण्यात माझी हयात गेली. इथे मी बोट ठेवून मोजत होते, एक, दोन, तीन, चार, पाच. शेजारी सेल्फी काढणाऱ्या जोडप्याने मला वेडी समजून जरा अंतर घेतलं.

मग अल्गोरीच्या टोकाकडे. खडक शेवाळलेले, भाच्याचा हात धरून. चुनखडीच्या दोन भिंतींमधे एक गडद मातीची पट्टी, मऊ, म्हणून लाटांनी खाऊन आत गेलेली. एवढीशी. तिच्या खालच्या काळात डायनोसॉर होते, समुद्रात गुंडाळलेल्या शंखांचे अ‍ॅमोनाइट होते. तिच्या वरच्या काळात नाहीत. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत अशनी आदळला, त्याची धूळ जगभर बसली, ती ही.

आणि त्याच काळात आमचा सह्याद्री तयार होत होता. भेगांतून लाव्हा ओतला जात होता, थरावर थर. दख्खनच्या या उद्रेकांचा काळ त्या पट्टीच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही. डायनोसॉर संपवण्यात अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या वायूंचा किती, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या वरच्या थरांच्या गटाला नाव दिलंय ते आमच्या गावाचं, वाई उपगट. त्यातल्या थरांची नावं पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. म्हणजे पसरणीच्या घाटात एस.टी.च्या खिडकीतून लहानपणापासून दिसत आलेला काळा दगड आणि ही मातीची रेघ एकाच वेळच्या.

"हात लावू?" मी विचारलं.

"लाव. खरवडू नकोस, संरक्षित आहे."

माती गार आणि किंचित चिकट होती. भाच्याने फोटो काढला तो नेमका माझ्या पाठीचा.

शुक्रवार : सुमाइया ते देबा

पिवळे बाण आज आतून जातात. आम्ही लाल-पांढऱ्या पट्ट्यांची किनाऱ्याची वाट धरली. चौदा किलोमीटर. आकडा फसवा आहे. एलोरियागाच्या वाडीनंतर वाट दर अर्ध्या तासाने ओढ्यापर्यंत खाली जाते आणि लगेच तितकीच वर. गुडघ्यांना विचारा.

पण साकोनेता! कड्यावरून खाली पाहिलं तर ओहोटीने उघडा पडलेला खडकाचा पाट, आणि त्यावर समुद्रात सरळ गेलेल्या शेकडो समांतर रेघा. नांगरलेल्या शेतासारख्या. वर खरं शेत, गवताचं, त्यात लाचा जातीच्या मेंढ्या, जमिनीपर्यंत लोंबणारी लोकर. यांच्या दुधाचं चीज पिशवीत होतं, ते तिथे बसून खाल्लं. एक मेंढी अगदी जवळ येऊन माझ्या सॅकचा बंद चघळू लागली. तिला हाकलण्यासाठी मी "हाड हाड" म्हटलं. तिला मराठी कळलं नाही, काठी कळली.

देबात शेवटचा उतार सार्वजनिक लिफ्टने. होय, गाव इतकं उभं आहे की वरच्या वस्तीतून खाली यायला लिफ्ट बसवल्या आहेत, फुकट. रात्रीचा मुक्काम रेल्वे स्टेशनच्या इमारतीतच, यात्रेकरूंच्या वस्तीत. बारा जणांच्या खोलीत दोघं घोरत होते. त्यांतला एक आमचा.

शनिवार : देबा ते मार्किना

समुद्र संपला. चोवीस किलोमीटर, मधे ओलात्स नावाची एक वाडी सोडली तर काही नाही.

आणि इथेच माझ्या बुटाने दगा दिला. चांगले महागाचे, पण तीन पावसाळे कपाटात पडून राहिलेले. ओलात्सच्या पुढच्या चढाला डाव्या पायाखाली फटक-फटक आवाज यायला लागला. बघते तर तळ पुढून सुटलेला, सुसरीच्या जबड्यासारखा. ट्रेकला जाणाऱ्यांनी हे वाचून ठेवा: न वापरता ठेवलेल्या बुटांचा डिंक आतल्या आत मरतो. निघण्यापूर्वी महिनाभर ते घालून फिरा. भाच्याने कपडे वाळत घालायची दोरी काढून बूट बांधला, भर म्हणून त्यावर चिकटपट्टी. चिखलात ती पट्टी दर तासाला बदलावी लागे. उजवा पाय धाकटा, डावा थोरला, अशी मी उरलेले बारा किलोमीटर चालले.

डोंगर पाइनचे. ही झाडं इथली नव्हेत, कॅलिफोर्नियाची, कागद आणि लाकडासाठी लावलेली. २०१८च्या सुमारास त्यांच्यावर बुरशीचा रोग आला, पानं तपकिरी पडली. कित्येक उतार सरसकट तोडलेले दिसले आणि काही ठिकाणी त्या जागी निलगिरी. एकच झाड सगळीकडे लावलं की काय होतं हे पाहूनही पुन्हा एकच झाड. मला राग आला. चढावर रागाचा उपयोग होतो, श्वास पुरतो.

वाटेतली शेतघरं मात्र बघत राहावीत अशी. 'बासेरी' म्हणतात त्यांना. खाली दगडी भिंती, रुंद उतरतं छप्पर, एकाच छपराखाली गोठा, माळा आणि माणसं. प्रत्येक घराला नाव असतं आणि घराचं नाव माणसांना आडनाव म्हणून लागतं. एचेबेरिया, म्हणजे नवं घर. आपल्याकडे माणूस गाव सोडतो आणि गाव त्याच्या आडनावात 'कर' होऊन येतं. इथे घर येतं. एका दाराच्या चौकटीवर वाळलेलं मोठं काटेरी फूल ठोकलेलं होतं, सूर्यासारखं. एगुस्किलोरे. रात्री दाराशी आलेलं भूत आधी त्याची पाकळी न् पाकळी मोजत बसतं, मोजता मोजता उजाडतं आणि घर वाचतं. आपल्या लिंबू-मिरचीपेक्षा ही युक्ती मला जास्त हुशारीची वाटली. भुताला कामाला लावायचं.

मार्किनात शिरताना आरेचिनागाचं देऊळ लागतं. बाहेरून साधी षट्कोनी इमारत. आत तीन अजस्र खडक एकमेकांवर रेलून उभे, आणि त्यांच्या पोटात वेदी. देऊळ खडकांभोवती बांधलंय, खडक देवळात आणलेले नाहीत. लग्न जमत नसेल तर खडकांखालून तीन फेऱ्या माराव्यात, वर्षात जमतं म्हणे. मी भाच्याकडे पाहिलं.

"मावशी, आईला फोटो पाठवायचा नाही."

त्याने एक फेरी मारली. दुसरी मारायच्या आत त्याला लाज वाटली.

रविवार : मार्किना ते गेर्निका

रविवारी बास्क गावात बूट मिळत नाहीत. काहीच मिळत नाही. दोरी नवी बांधून निघालो. गावातल्या पेलोटाच्या मैदानाला लोक 'विद्यापीठ' म्हणतात, इतके खेळाडू इथून बाहेर पडले. सकाळीच दोन पोरं उंच भिंतीवर उघड्या तळव्याने चेंडू मारत होती. त्या चेंडूचा आवाज दगडावर दगड आपटल्यासारखा. त्यांचे तळवे मला बघवेनात.

बोलिबार हे गाव तासाभरात येतं. दक्षिण अमेरिकेतले देश स्वतंत्र करणाऱ्या सिमोन बोलिव्हारचे पूर्वज इथले, आडनावही इथलंच. संग्रहालय आहे, बाहेरूनच पाहिलं. तिथून एक जुनी दगडी पाखाडी झाडीतून सेनारुसाच्या मठाकडे चढते. मठाच्या चिन्हात गरुड आहे आणि त्याच्या पंजात कवटी. गोष्ट अशी की ९६८ साली लोक दुसरीकडे प्रार्थना करत असताना गरुडाने तिथल्या थडग्यातली कवटी उचलली आणि इथे आणून टाकली, मग देऊळ इथेच बांधायचं ठरलं. देवाने जागा दाखवायच्या आपल्याकडच्या गाई आणि स्वप्नं बघता गरुडाची कवटी जरा उग्रच. इथले मठवासी आता बिअरही बनवतात. भाच्याने ती चाखली. मी त्या ओवरीत अर्धा तास बूट काढून बसले. सहा दिवसांत माझ्या पायांना मिळालेला तो सर्वांत चांगला अर्धा तास.

मुनितिबारनंतर वाट ओढ्याकाठाने, लाकडी साकवांवरून, पुन्हा सिरिमिरीत. तिथलं फारसं काही आठवत नाही. संध्याकाळी गेर्निकात पोचले तेव्हा डाव्या पायाला फोड आणि उजव्याला अभिमान होता.

सोमवार : गेर्निका

गेर्निकाचा बाजार सोमवारी भरतो. २६ एप्रिल १९३७ रोजीही सोमवारच होता. दुपारी साडेचारच्या सुमारास, स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बाँब टाकायला सुरुवात केली आणि तीन तासांहून जास्त वेळ ते टाकत राहिले. गाव जळून गेलं. पिकासोने त्याच वर्षी पॅरिसमध्ये रंगवलेलं चित्र माद्रिदला आहे. गावात रस्त्याकडेच्या भिंतीवर त्याची फरशांची प्रतिकृती आहे. तिच्यापुढे एक आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून फुटबॉलबद्दल बोलत होते.

वाचलं ते ओकचं झाड आणि त्यामागचं सभागृह. या झाडाखाली बिस्काइया प्रांतातल्या गावांचे प्रतिनिधी जमत आणि राजांनाही इथे येऊन त्यांचे हक्क पाळायची शपथ घ्यावी लागे. झाड मरतं, मग त्याच्याच बीजाचं नवं लावतात. आत्ताचं २०१५ साली लावलेलं, अजून पोरसवदा. एका जुन्या झाडाचा बुंधा शेजारी खांबांच्या मंडपात जपून ठेवलाय.

मग बाजार. वाटाण्याएवढ्या ते बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या, लाल मिरच्यांच्या माळा, घेवडा, अंडी, मेंढीचं चीज. आणि कोपऱ्यात, तव्यापुढे एक बाई. मक्याचं पीठ, गरम पाणी, मीठ. गोळा घेतला, फळीवर पीठ भुरभुरलं, तळव्याने थापत थापत फिरवला आणि तव्यावर टाकला. 'तालो' म्हणतात. मी नुसती बघत राहिले. मनगट तेच, आवाज तोच.

भाच्याने तिला काहीतरी सांगितलं असावं. तिने हात पुसला, बाजूला सरकली आणि गोळा माझ्याकडे सरकवला. मी बाह्या सारल्या. मक्याचं पीठ चिरतं, म्हणून काठाला बोटं ओली करून दाबलं, आमच्याकडे करतात तसं. मग भाकरी उचलून हातावर घेतली आणि दोन्ही तळव्यांत फेकत मोठी केली. ती "बाइ, बाइ, बाइ!" म्हणाली. मागे रांगेतले दोघं-तिघं बघायला पुढे आले.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणतेय, पातळ आहे, सॉसेज गुंडाळलं तर फाटेल."

"तिला सांग, ही सॉसेजची नाहीच. ठेच्याची आहे."

ठेच्याला एउस्कारात काय म्हणतात ते भाच्याला माहीत नव्हतं. त्याने समोरच्या ढिगातली एक मिरची उचलून दाखवली.